जोवियाची बोलणी

क्येबान्डोत कुणाच्या मुलीची क्वान्जुला ठरली की मंडपवाल्याच्याही आधी सालोंगोला गाठायचं, असा रिवाजच पडून गेला होता. त्या दिवशी मुलाकडची माणसं पायघोळ पांढरे कान्झू घालून मागणी घालायला येतात. ज्याचं लग्न, तो नवरा मुलगा मान खाली घालून गप्प बसतो. बोलायचं ते दोन्हीकडच्या नेमलेल्या बोलणाऱ्यांनी. आणि मुलीकडून सालोंगो उभा राहिला की समोरच्याची काय बिशाद! "कसे काय आलात? वाट चुकलात, की आमच्या चुलीवरच्या मातोके केळ्यांचा वास आला?" असा एकदा सुटला की समोरचा नुसता घाम पुसायचा आणि बायका हसून हसून बेजार व्हायच्या. उत्तर द्यायला जो अडखळेल त्याला दंड. सालोंगो मात्र कधी अडखळला नव्हता. जुळ्या मुलांचा बाप म्हणून लोक त्याला सालोंगो म्हणायचे आणि बायकोला नालोंगो. खरं नाव आठवायला दोघांनाही डोकं खाजवावं लागलं असतं.

आणि अशा माणसाची थोरली लेक जोविया निघाली मुलखाची अबोल! विचारलं तर बोलणार, तेही सावकाश. पोरगी हुशार होती, त्यात वाद नव्हता. कॉम्प्युटर शिकली होती, वेबसाइट बनवायची. कोंबडीची पिल्लं विकणाऱ्या तेओपिस्टाची साइट तिनंच करून दिली होती, आणि तेव्हापासून तेओपिस्टाला फोन उचलायला फुरसत नव्हती. पण नोकरी म्हटली की घोडं अडायचं ते मुलाखतीत. दोन कंपन्यांनी बोलावलं, दोन्हींनी नकार दिला. उत्तरं चुकली म्हणून नव्हे. पोरगी प्रश्न ऐकायची आणि गप्प बसायची. डोक्यात सगळं फिरत असायचं, ओठावर काही नाही. "तुम्ही काय विचार करताय तेच आम्हाला कळलं नाही," असं दोन्हीकडून आलं.

दुसरा नकार आला त्या दिवशी सालोंगोनं कपाळावर हात मारला. "अगं, माझी मुलगी बोलायला कमी पडली? माझी? लोकांना तोंड कसं दाखवू?"

लोकांना तोंड दाखवायचा प्रश्न जरा खराच होता. कारण मागच्याच महिन्यात एका क्वान्जुलेत, माइक हातात असताना, हा पठ्ठ्या सगळ्यांसमोर बोलून बसला होता की आमची जोविया मोठ्या कंपनीत लागली म्हणून. मंडपात टाळ्या पडल्या होत्या. नालोंगोनं घरी आल्यावर त्याला जेवायलाही नीट दिलं नाही.

मग नैरोबीच्या एका कंपनीनं जोवियाला बोलावलं. पहिल्या दोन फेऱ्या लेखी होत्या, त्या तिनं लीलया पार केल्या. उरली शेवटची, समोरासमोर बोलायची, लॅपटॉपवरून. तिच्या मनात हीच नोकरी भरली होती. ती म्हणाली, "ताता, ही गेली तर मी तेओपिस्टाच्या पिल्लांतच जाऊन बसते."

"बसशील कशी? मी आहे ना!" सालोंगोनं बाह्या सरसावल्या. "तुला मी तयार करतो."

झालं. रोज सकाळी अंगणात शाळा भरायला लागली. नालोंगो आणि जोविया मातोके सोलत बसायच्या, आणि सालोंगो लेकीच्या फोनमध्ये बघून एकेक प्रश्न फेकायचा. एका शब्दाचाही अर्थ त्याला कळत नव्हता, पण आवाज असा की जणू समोर अख्खी वरात उभी आहे.

"डेटाबेसला इंडेक्स कशाला लागतो? बोल! साल खाली पडायच्या आत उत्तर पाहिजे!"

"ताता, जरा विचार तरी..."

"पडली साल! दंड! विचार घरून करून यायचा असतो, मंडपात नाही."

जोविया हसायची, आणि मग बोलायचीही. हे मात्र खरं, की बापाच्या त्या धडाक्यानं तिच्या तोंडाचं कुलूप उघडलं. रस्त्यानं जाताना, भांडी घासताना ती स्वतःशी पुटपुटायला लागली. शेजारणी म्हणाल्या, पोरीला कुणीतरी काहीतरी केलंय. सालोंगो म्हणाला, "केलंय ना! मी केलंय!"

एका गोष्टीवर मात्र बाप-लेकीचं जमेना. जोविया सांगायची, "ताता, तिथं पटकन उत्तर नको असतं. मोठ्यानं विचार करायचा असतो. कसं शोधते ते त्यांना ऐकवायचं. येत नसेल तर येत नाही म्हणायचं."

"मोठ्यानं विचार?" सालोंगो उडालाच. "मग कपडे बदलतानाही दार उघडं टाक! आणि येत नाही म्हणायचं? चारचौघांत? माझ्या घराण्यात हे वाक्य अजून कुणी उच्चारलेलं नाही."

"म्हणूनच तुमच्या घराण्यात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही," नालोंगो सोलता सोलता म्हणाली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी जोवियानं बापाकडून वचन घेतलं होतं की त्यानं नाक्यावर जाऊन बसायचं. खोलीत दुसरं कुणी नको, असा कंपनीचा नियम होता. सालोंगोनं मान डोलावली. आणि सकाळी बघतात तर स्वारी कान्झूवर कोट चढवून तयार!

"नाक्यावर जायला कान्झू?" नालोंगोनं विचारलं.

"लेकीची बोलणी आहेत. बाप काय बनियनवर हिंडणार?"

तो निघाला खरा, फाटकापर्यंत गेलाही. पण पाय उचलेना. लेकीचा मागच्या वेळचा पडलेला चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि मागच्या दारानं हळूच आत येऊन तो झोपायच्या खोलीच्या पडद्यामागे स्टुलावर बसला. नालोंगोनं अंगणातून हातवारे केले, डोळे वटारले. त्यानं ओठांवर बोट ठेवून तिलाच गप्प केलं.

पलीकडे बैठकीच्या खोलीत जोवियाच्या लॅपटॉपवर दोघं होते. एक चेबेट नावाच्या पोक्त बाई, त्या मुख्य. दुसरा मुटिसो, तरुण, चेहऱ्यावरची माशी हलत नाही असा. आधी इकडचं तिकडचं झालं. जोविया बरी बोलत होती. सालोंगो पडद्यामागे एकेका वाक्याला मान डोलवत होता.

मग मुटिसोनं प्रश्न टाकला. "बसच्या तिकिटांची साइट आहे. शेवटची एक सीट उरलीय. दोन माणसांनी एकाच क्षणी ती घेतली. तुम्ही काय कराल?"

जोविया थांबली. तिनं श्वास घेतला, वही पुढे ओढली. बोलायला सुरुवात करणार, त्याआधीची ती जराशी शांतता. पण पडद्यामागे बसलेल्या माणसाला ती मागच्या दोन नकारांएवढी लांब वाटली. गेली! अडकली पोरगी! दंड पडणार! अशा शांततेत उडी मारायची, हे त्याचं आयुष्यभराचं काम. उडी पडलीच.

"दोघांनाही बसवा!" सालोंगोचा तो मंडप हलवणारा आवाज खोलीत घुमला. "आधी पोटभर जेवू घाला! कुणाचं कूळ चांगलं ते मग बघू!"

लॅपटॉपवरचे दोघंही दचकले.

"खोलीत कोण आहे?" मुटिसोनं विचारलं. "तुम्हाला कुणी उत्तरं सांगतंय?"

चेबेट बाईंनी चष्मा काढला. "जोविया, नियम तुम्हाला माहीत होता. आम्हाला हे इथंच थांबवावं लागेल."

आपण काय करून बसलो ते सालोंगोला तेव्हा कळलं. पडदा बाजूला सारून तो बाहेर आला, हात जोडायला, पाया पडायला, काहीही करायला. तोंडही उघडलं. पण जोवियानं मागं न बघता हात वर केला, आणि तो हात असा होता की सालोंगो जागच्या जागी थिजला. लेकीनं त्याला असं कधी थांबवलं नव्हतं.

"हे माझे वडील," तिनं लॅपटॉप वळवून त्यांना तो दाखवला, कोट, कान्झू आणि सगळं. "आमच्याकडे मागणी घालायला लोक येतात तेव्हा ज्याचं काम असतं तो गप्प बसतो, त्याच्या वतीनं दुसरा बोलतो. माझे वडील तेच बोलणारे. मी गप्प झाले आणि त्यांना राहवलं नाही. नियम मोडला, चूक आमची. पण त्यांनी सांगितलेलं उत्तर तुम्ही ऐकलंत. त्यावर मला कुणी नोकरी देईल का?"

चेबेट बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "आमच्याकडेही म्हातारेच बोलतात," त्या म्हणाल्या.

"मॅडम, नियम नियम असतो," मुटिसो म्हणाला.

"बरोबर आहे," जोविया म्हणाली. "म्हणून हा प्रश्न सोडून द्या. याहून अवघड विचारा. आणि वडील इथं माझ्या शेजारी बसतील, तुम्हाला दोघांचेही चेहरे दिसतील असे. त्यांचे ओठ हलले तर मुलाखत बंद करा. मी काही म्हणणार नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चेबेट बाई वडीलधाऱ्याला मान देत म्हणाल्या, "बसा, म्झे."

आणि सालोंगो बसला. लेकीच्या शेजारी, मान खाली, हात मांडीवर.

मुटिसोनं प्रश्न विचारला तो खरंच जीवघेणा होता. सणाच्या दिवसांत सगळा देश एकाच वेळी तिकिटं काढायला येतो आणि साइट कोसळते, तर ती उभी कशी ठेवाल? जोवियानं सुरुवात केली. "आधी मला शोधावं लागेल की कोसळतंय नेमकं काय. मला वाटतं पैसे भरायची जागा, पण ते तपासल्याशिवाय मी तिथं हात घालणार नाही..." ती बोलत होती, कागदावर चौकोन काढून दाखवत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. मध्येच म्हणाली, "थांबा. हे मी चुकीचं सांगितलं. असं केलं तर एकाच माणसाचे पैसे दोनदा कापले जातील." सालोंगोनं डोळे मिटून घेतले. संपलं! भर मंडपात चूक कबूल केली! डोळे उघडले तर चेबेट बाई पुढे वाकून ऐकत होत्या.

"आणि लोक तिकिटाच्या रांगेत असताना सर्व्हरच बंद पडला तर?" मुटिसोनं विचारलं.

"ते मला येत नाही," जोविया म्हणाली. "कधी केलेलं नाही. पण कसं शोधायचं ते सांगते."

सालोंगोच्या घराण्यात ते वाक्य अखेर उच्चारलं गेलं होतं, त्याच्याच घरात, त्याच्यादेखत. पण पोरीचा आवाज काही खाली आला नाही. ती तशीच पुढे सांगत राहिली, आणि ज्या गोष्टीतलं तिला काही येत नव्हतं, तिच्यातून हळूहळू वाट काढत गेली. सालोंगोला शब्द कळत नव्हते, पण बोलण्यातली माणसं त्याला कळायची. अडचणीत सापडलेला कसा बोलतो, थापा मारणारा कसा बोलतो, सगळं त्यानं पाहिलं होतं. ही तसली नव्हती. ही जे माहीत आहे तेवढंच बोलत होती, आणि समोरची माणसं एकेका शब्दाला किंमत देत होती. चाळीस मंडप गाजवलेल्या माणसाला असं ऐकणारं कुणी भेटलं नव्हतं. लोक त्याच्यावर हसायचे, टाळ्या वाजवायचे. असे पुढे वाकून ऐकायचे नाहीत.

शेवटी मुटिसोनं आणखी एक खडा टाकून पाहिला. "एवढी उठाठेव कशाला? नुसती मोठी मशिनं घेतली की झालं ना?"

"घ्या की, साहेब," जोविया गोड हसून म्हणाली. "लहान मशिन बंद पडताना हळू पडतं. मोठं पडलं तर आवाज तरी मोठा होईल."

मुटिसोच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. तो चक्क हसला. आणि सालोंगोनं आपली मांडी घट्ट आवळून धरली, कारण "वाहवा!" अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं आणि ओठ हलवून चालणार नव्हतं. माझी लेक! शंभर टक्के माझी लेक! छाती एवढी भरून आली की कोटाचं बटण तुटेल असं त्याला वाटलं.

ते दोघं आवाज बंद करून आपसांत बोलले. इकडे बाप-लेक एकमेकांकडे न बघता बसून राहिले. दारात नालोंगो हातातली सुरी तशीच धरून उभी होती. मग आवाज परत आला.

"जोविया," चेबेट बाई म्हणाल्या, "दुसऱ्यांना चूक लपवताना आम्ही रोज बघतो. तुम्ही कामावर कधीपासून येणार?"

मागणी मान्य झाल्यावर लग्नाचा दिवस नेहमी बोलणाराच ठरवतो. सालोंगोचं तोंड सवयीनं उघडलं, आणि त्यानं दोन्ही हातांनी ते दाबून धरलं.

"सोमवारपासून," जोविया म्हणाली.

"ठरलं. आणि म्झे, आता तुम्ही बोललात तरी चालेल. काही सांगायचंय?"

सालोंगो उठून उभा राहिला. कान्झू सारखा केला. घसा खाकरला. दारातून नालोंगो म्हणाली, "आता आटपा थोडक्यात!" पण त्याला शब्द सापडेना. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तो तसाच उभा राहिला, आणि डोळ्यांतून धारा लागल्या तरी त्यानं त्या पुसल्या नाहीत.

"बोलणारी ही," तो एवढंच म्हणाला. "मी नुसता हिचा बाप."