अध्यक्षांचा पाना

प्लंबरने आयुष्यात एकदाच सभेत हात वर केला आणि तेवढ्यावर तो अध्यक्ष झाला.

त्याचं असं झालं. शाळेने पत्रक काढलं, 'शाळा आणि घर, एकाच गाडीची दोन चाकं.' गाडी हाकणार कोण, ते लिहिलं नव्हतं. पालकांनी शनिवारी सभागृहात हजर राहावं, एवढंच होतं. प्लंबर कुणाच्या तरी गच्चीवरची टाकी अर्धवट सोडून गेला, कारण त्याला वर्गबाईंना एकच गोष्ट सांगायची होती. त्याच्या मुलीला फळा दिसत नव्हता.

मुलीला घरात मुंगी म्हणायचे. नाव पाळण्यातलं. आता मुंगी बापाच्या खांद्याला लागली होती आणि उंचीप्रमाणे बसवायचं म्हणून शाळेने तिला शेवटच्या बाकावर टाकलं होतं. तिथून ती आठाचे तीन करायची, सहाचं शून्य करायची, आणि वहीत लाल शाईने शेरा यायचा, 'लक्ष नाही.' डोळे तपासून झाले होते. चष्मेवाला म्हणाला, "भिंगं बाहेरून मागवावी लागतील, तीन आठवडे धरा." परीक्षा नऊ दिवसांवर, आणि प्रश्न फळ्यावर लिहून देणार. त्यात आपटली की पोरगी 'विशेष लक्ष तुकडी'त जाणार. त्या तुकडीत विशेष काही नव्हतं, आणि लक्ष तर कुणाचंच नव्हतं.

"बाबा, मी बाईंना सांगितलं," मुंगी म्हणाली. "त्या म्हणाल्या, घरच्यांना बोलायला सांग."

म्हणून घरचे बोलायला आले.

सभेत मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, 'पालकांचं ऐकून घेणं' या विषयावर पाऊण तास बोलल्या. पालकांनी ऐकून घेतलं. प्लंबरने दहाव्या मिनिटालाच हात वर केला होता. मोठ्या बाईंनी बघितलं, मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं. त्याने हात खाली घेतला नाही. छताजवळचे पाइप जोडायची सवय, अर्धा तास हात वर धरणं म्हणजे त्याच्या दृष्टीने आरामच. उजवा भरून आला तेव्हा त्याने डावा वर केला.

पाऊण तासाने मोठ्या बाई म्हणाल्या, "आपल्या संवाद समितीचं अध्यक्षपद स्वीकारायला कोण तयार आहे?"

झाडून सगळ्या पालकांनी चपलांकडे बघितलं. सभागृहात एकच हात वर होता. टाळ्या पडल्या. त्याच्या शर्टाला एक बिल्ला टोचला, शर्टाला आणि थोडा त्यालाही.

"बाई, मला फक्त एक विचारायचं..."

"आता विचारायचं नाही, अध्यक्षसाहेब. आता तुम्ही उत्तरं द्यायची."

घरी बायकोने बिल्ला उलटसुलट करून बघितला. "पोरीचा बाक बदलायला गेला होतात ना?"

"हो."

"आणि स्वतःची खुर्ची घेऊन आलात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

समितीचे नियम सोमवारी फाटकावर लागले. पालकांनी शिक्षकांशी थेट बोलायचं नाही, त्याने गैरसमज होतात. शिक्षकांनीही पालकांशी थेट बोलायचं नाही. ज्याला जे सांगायचं ते त्याने चिठ्ठीवर लिहून संवादपेटीत टाकायचं. पेटी महिनाअखेर उघडेल, समिती विचार करेल, मग ज्याचं त्याला कळेल. थोडक्यात, शाळा आणि घर यांच्यात भिंत नको म्हणून मध्ये पेटी ठेवली होती.

प्लंबरने चिठ्ठी लिहिली, मुंगीच्या हातून पेटीत टाकली आणि स्वतः कार्यालयात गेला. कारकून चहात बिस्किट बुडवत होता.

"वर्गबाईंना दोन मिनिटं भेटायचंय."

"अर्ज भरा."

त्याने भरला.

"खाली अध्यक्षांची सही लागेल."

त्याने केली.

कारकुनाने अर्ज उजेडात धरला. "अर्जदार तुम्ही, अध्यक्षही तुम्ही. स्वतःच्या मुलीच्या कामात अध्यक्षांना सही करता येत नाही."

"मग कोण करणार?"

"उपाध्यक्ष."

"ते कोण आहेत?"

"नेमलेले नाहीत अजून. ते काम अध्यक्षांचं. फार ढिलाई आहे समितीची, साहेब, राग मानू नका."

"मग मी माझ्या बायकोला नेमतो."

"नातेवाईक चालत नाहीत."

"पेटी तरी उघडा. चिठ्ठी आतच आहे."

"महिनाअखेर." तोवर अर्धं बिस्किट कपात पडलं होतं. कारकुनाने ते चमच्याने काढायला घेतलं आणि मुलाखत संपली.

मंगळवार ते गुरुवार प्लंबर रोज फाटकावर गेला. पहारेकरी रोज म्हणाला, "पास?" प्लंबरने बिल्ला दाखवला. पहारेकरी म्हणाला, "हा सभागृहापुरता. वर्गाकडे जायला पास लागतो. आणि पास अध्यक्ष देतात म्हणे, पण ते कधी जागेवर नसतात."

शुक्रवारी सकाळी प्लंबरचा फोन वाजला. कारकून होता, पण आवाज मुंगीच्या वर्गातल्या पोरांसारखा चिरका झाला होता. "ताबडतोब या. वर्गांबाहेरचं बेसिन तुंबलंय. मोठ्या बाईंच्या खोलीत पाणी शिरलं."

"अध्यक्ष म्हणून येऊ?"

"अहो, प्लंबर म्हणून या."

तर जो पहारेकरी तीन दिवस पास मागत होता, त्याने फाटक दोन्ही बाजूंनी उघडलं आणि हत्यारांची पिशवीसुद्धा उचलली. बाप म्हणून जिथे पाऊल टाकता आलं नाही, तिथे प्लंबर म्हणून तो घोटाभर पाण्यातून थेट मुंगीच्या वर्गाच्या दारापर्यंत गेला.

बेसिनच्या वरच संवादपेटी टांगली होती. भिंतीवर एकच खिळा होता, पूर्वी आरशाचा. आरसा काढून पेटी लावली होती. पाणी उडून उडून पेटीचा पुठ्ठ्याचा तळ केव्हाच गळून पडला होता. वरून चिठ्ठी टाकली की ती खालून सरळ बेसिनमध्ये पडायची. बेसिनला जाळी नव्हती. पोरं नळ सोडायची, संवाद वाहून जायचा.

प्लंबरने आधी पाणी बंद केलं, मग पाना लावून बेसिनखालचा वाकडा पाइप उघडला. आतून मुठीएवढा कागदाचा लगदा बाहेर आला. गेल्या पाच दिवसांची सगळी भागीदारी त्यात होती. वरवरच्या दोन चिठ्ठ्या अजून वाचता येत होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. एकीवरचं अक्षर त्याचंच होतं. 'आमच्या मुंगीला लांबचं दिसत नाही. चष्मा येईपर्यंत पहिल्या बाकावर बसवावं, ही विनंती.' दुसरी लाल शाईची होती.

तेवढ्यात खडूने पांढरे झालेले हात घेऊन वर्गबाई बाहेर आल्या. "पाणी कधी येईल हो?"

"अर्ध्या तासात. बाई, ही चिठ्ठी तुमची का?"

वर्गबाईंनी वाचली आणि इकडेतिकडे बघितलं. "मुलगी फळ्याकडे बघताना डोळे बारीक करते, वडिलांनी भेटावं, असं लिहिलं होतं मी. मंगळवारी. उत्तर नाही आलं, तर वाटलं, घरच्यांना काही पडलेलीच नाही."

"घरचे पेटीखाली बसलेत."

"तुम्ही?" त्यांनी आवाज खाली आणला. "पण पालकांशी थेट बोलायला बंदी आहे."

"मी कुठे पालक? मी प्लंबर आहे. तुम्ही नळाबद्दल बोलताय."

"बरं. या नळाला लांबचं दिसत नाही का?"

"नाही ना. चष्मा यायला दोन आठवडे आहेत. परीक्षा सोमवारी."

"मी तिला आत्ता पुढे घेईन. पण लेखी विनंतीशिवाय बाक बदलला तर मोठ्या बाई मलाच शेवटच्या बाकावर बसवतील."

प्लंबरने ओली चिठ्ठी दोन बोटांत धरून पुढे केली. वर्गबाईंनी ती खिडकीच्या काचेवर सपाट चिकटवली आणि वाळत घातली. मग आत जाऊन म्हणाल्या, "मुंगी, दप्तर घेऊन पुढे ये गं." घरातलं नाव बाईंना कसं कळलं, या विचारात मुंगी दोन बाकांना धडकत पुढे आली.

सोमवारी आठाचे आठच राहिले. मुंगी पास झाली, विशेष काही न होता.

महिनाअखेर सभा झाली. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर संवादपेटीच्या कुलपाला किल्ली लावली, दार उघडलं, आत हात घातला, तो खालून बाहेर आला. त्यांनी तो झटकन मागे घेतला. "एकही तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "भागीदारी शंभर टक्के यशस्वी." टाळ्या पडल्या. प्लंबरला बोलायचं होतं, पण त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

बाहेर पडताना वर्गबाई त्याच्या शेजारून हळूच म्हणाल्या, "त्या बेसिनचा कोणता नट सैल केला की थोडंच गळतं?"

"डावीकडचा. पाव फेरा. जास्त नको."

तेव्हापासून तो नळ दर आठवड्याला गळतो. मोठ्या बाईंना वाटतं, पाइप जुना झालाय. बायको पिशवी हातात देताना विचारते, "आज काय गळतंय?"

"चौथीतल्या एका पोराचं गणित," प्लंबर म्हणतो आणि खिशात शेजारपाजारच्या पालकांच्या चिठ्ठ्या आहेत ना, ते चाचपून बघतो.