एका मारुतीपुढं दोन बेंजो

वैशाखातली मोठी तिथ म्हणजे वाजवणाऱ्यांची दिवाळी. सिल्लोडजवळच्या त्या गावात तर एकाच दुपारी दोन लग्नं होती, दोन मांडव होते आणि दोन नवरदेव घोड्यावर बसले होते. मारुती मात्र एकच. लग्नाला उभं राहण्याआधी नवरदेवानं वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जायचं, ह्याला तिकडं परण्या म्हणतात. दोन्ही घरचा परण्या देवळापुढं एकदमच येऊन भिडला.

एका हातगाड्यावर बन्सी होता. गाड्याला भोंगे बांधलेले, मधोमध बेंजो. डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. बन्सी घामानं निथळत होता, पण अंगात नवाकोरा सदरा होता, कारण बेंजो पार्टीचा मालक म्हणून हा त्याचा पहिलाच उन्हाळा. समोरच्या गाड्यावर कोण आहे ते त्यानं पाहिलं. कमरोद्दीनचाचा!

कितीतरी उन्हाळे बन्सीनं चाचांच्या शेजारी बसून दुसरा बेंजो वाजवला होता. गेल्या दिवाळीत बिनसलं. कारण काय, तर बन्सीला सगळंच जलद वाजवायचं असे. चाचा म्हणायचे, "नाचणाऱ्यात गुडघे दुखणारे मामे भी असतेत, बेटा." बन्सी फणकाऱ्यानं उठला आणि त्यानं स्वतःची पार्टी काढली. तेव्हापासून बोलणं बंद. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे खरं, पण तलवारींना एकमेकींची आठवण येते का, हे कुणी विचारत नाही. बन्सीला यायची.

बन्सीकडच्या नवरदेवाचे वडील आप्पासाहेब गाड्याशी येऊन त्याच्या कानात ओरडले, "बन्सी, ज्याचा बेंजो आधी थांबंल त्याचा नवरदेव मागून पाया पडंल. गावची रीतच हाय. आपला थांबायचा नाय, बरं का!"

थांबतोय कशाला! चाचांनी मान वर करून एकदा तरी 'वाह' म्हणावं, एवढ्यासाठी बन्सीचा जीव आसुसला होता. त्यानं असा सपाटा लावला की नाचणाऱ्यांचे पटके सुटले. चाचा आपले मान खाली घालून निवांत वाजवत राहिले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं नवऱ्यांची बाशिंगं उन्हानं नाकावर घसरली होती आणि उतावळे झाले होते ते भटजी. "मुहूर्त टळतोय!" म्हणून ते कंठशोष करत होते, पण भोंग्यांपुढं त्यांचं काय चालणार?

तेवढ्यात चाचांनी एक जुनी चाल धरली. एक ओळ वाजवली आणि हात उचलला. ही त्यांची कायमची पद्धत: पहिली ओळ चाचांची, दुसरी बन्सीची. बन्सी आपल्याच धुनेच्या भरात होता. पण हातांना भांडण कुठं ठाऊक असतं? बोटं आपोआप वळली आणि दुसरी ओळ वाजवून मोकळी झाली. चूक ध्यानात येईतो चाचांनी तिसरी टाकली होती. बन्सीनं चौथी दिली.

मग काय विचारता! दोन्हीकडचे नाचणारे एकमेकांत मिसळले, म्हातारे मामेही कंबर कसून उतरले. कोण थांबलं आणि कोण चालू आहे, ह्याचा पत्ताच लागेना. शेवटी भटजींनी दोन्ही नवरदेवांना घोड्यावरून उतरवून जोडीनंच मारुतीपुढं उभं केलं. आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला. "आरं, पण जिंकलं कोण?"

मांडवांत मंगलाष्टकं सुरू झाली, वाजवणाऱ्यांना तेवढाच विसावा. चाचा लिंबाच्या सावलीला बन्सीच्या गाड्याशी आले. 'वाह' वगैरे काही म्हणाले नाहीत. "लई दामटतोस. दम कुठं घेतोस?"

बन्सीला राग आला नाही, उलट बरं वाटलं. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "चाचा, आता दुसरा बेंजो कोण वाजवतं?"

"कुणीच नाय."

"मग माझी जागा? ती दुसरी ओळ?"

"तशीच सोडतो की." चाचांनी पाणी पिऊन दाढी पुसली. "लोकायला वाटतं, बुढ्ढा धापा टाकायला थांबला."

बन्सीला रडूच आलं. त्यानं आपला बेंजो सोडवला, बगलेत मारला आणि चाचांच्या गाड्याकडं निघाला.

"ए बन्सी!" आप्पासाहेब मांडवातून ओरडले. "आपला बेंजो तिकडं कुठं चालला?"