चोर सोडून मूत्राशयाला फाशी

हो, मी मूत्राशय बोलतोय. नाकं मुरडू नका. हृदय बोलायला लागलं की तुम्ही कविता करता, मेंदू बोलला की माना डोलावता आणि मी तोंड उघडलं की "शी!" आज मात्र ऐकून घ्यावंच लागेल. माझ्यावर अन्याय झालाय आणि तो मी मुकाट गिळणार नाही.

माझे मालक पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. गाळ्यात जळक्या तारेचा वास, भिंतीशी उघडून ठेवलेल्या मोटारी आणि गिऱ्हाइकाला ऐकवायचं मालकांचं एक ठरलेलं वाक्य: "मोटारीला शिव्या देऊ नका. पुढचा पाइप तुंबलाय, तो आधी बघा. तुंबल्या पाइपावर मोटार रेटली तर ती जळणारच!" हे ऐकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

तरुणपणी आमचं छान जमायचं. मी भरलो की सांगायचो, मालक उठायचे आणि एका दमात मी रिकामा. हातात नाजूक काम असलं की ते "थांब जरा" म्हणायचे आणि मी निमूट थांबायचो. त्याचं कौतुक कुणी केलं नाही, तो भाग वेगळा.

मग माझ्या खालच्या शेजाऱ्यानं बाळसं धरलं. प्रोस्टेट म्हणतात त्याला. अक्रोडाएवढा जीव, पण माझी बाहेर जायची वाट नेमकी त्याच्या पोटातून जाते. तो सुटत गेला आणि वाट आवळत गेली. वय झालं की बहुतेक पुरुषांमध्ये तो सुटतोच, त्याचा मला राग नाही. राग आहे तो पुढच्या गोष्टींचा.

धार बारीक झाली, तसा मी जोर लावू लागलो. जोर लावून लावून माझ्या भिंती जाडजूड झाल्या. बघणाऱ्याला वाटावं, पठ्ठ्यानं तालीम केलीय! पण त्याच भिंतींत रक्तवाहिन्या दबत होत्या. काम वाढलं आणि रक्त घटलं. उपाशी हमालाच्या पाठीवर पोती चढवावीत, तशी माझी गत. पुरता रिकामा मी कधी होईना. ताणलेलाच राहायचो आणि ताणलं की रक्त आणखी कमी. मग थोडं साठलं तरी कळवळून हाक मारायचो. मालक धावत जायचे आणि हाती चार थेंब!

"आमच्या घराण्यात मूत्राशयच नाजूक," मालक मालकीणबाईंना म्हणाले. नाजूक? मी?

"अहो, डॉक्टरांना दाखवा एकदा."

"अगं, वय झालं आता. यात दाखवायचं काय? लाज वाटते मला."

लाज! चिखलानं भरलेल्या पंपात कोपरापर्यंत हात घालणाऱ्या माणसाला माझी लाज! आणि उपाय काय केला? पाणी पिणं तोडलं. मोटार चालत नाही म्हणून विहीर बुजवायची, तसली ही अक्कल.

त्यातच मालकांना सर्दी झाली. नाक मोकळं करणारी गोळी त्यांनी मनानंच आणून घेतली. नाक मोकळं झालं आणि माझं दार मात्र घट्ट बसलं. अशा काही गोळ्यांनी आमची वाट आवळते, हे दुकानदारानं विचारल्यावर सांगितलंही असतं. पण विचारायचं म्हणजे माझं नाव काढणं आलं.

दुपारी गाळ्यातच मी फुगत गेलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला विचारा. मालक घामाघूम होऊन बाकावर आडवे झाले, तरी थेंब येईना. शेवटी मालकीणबाईंनी त्यांना दवाखान्यात नेलं.

तिथे नळी घातली, तेव्हा मी अक्षरशः सुटलो. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "दोष मूत्राशयाचा नाहीये. पुढची वाट अडलीय. तिच्याशी झगडून ते थकलंय, रक्तही पुरेसं मिळत नाहीये त्याला. वाट मोकळी करू आपण. पण ते किती सावरेल, आज सांगता येणार नाही. आधी यायला हवं होतं तुम्ही."

मालकीणबाईंनी मालकांकडे पाहिलं. "गिऱ्हाइकांना रोज काय ऐकवता हो? मोटारीला शिव्या देऊ नका, पाइप बघा. आणि स्वतःच्या मोटारीचं काय?"

मालकांनी चादरीवरूनच ओटीपोटावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आता शस्त्रक्रिया झालीय, वाट मोकळी आहे. उद्या नळी काढतील आणि मग कळेल, माझ्यात जोर उरलाय की नाही. बाप्यांनो, तुमची धार बारीक झाली असेल तर मला दूषणं देत बसू नका. लाज गुंडाळून ठेवा आणि वेळेत दाखवा.

मघाशी मालक हळूच पुटपुटले, "जमेल ना रे तुला उद्या?" मी काय सांगणार? जळलेली मोटार ते नवी तार भरून पुन्हा चालू करतात. माझ्यासाठी तशी तार कुठल्याच दुकानात मिळत नाही, हे मोटारवाल्याला मी सांगायला हवं का?