तीन पाण्यांतून काढलेले टी-शर्ट

छपाईवाल्याला कोणाला नाही म्हणता येत नसे. याला लोक स्वभाव चांगला म्हणतात, पण त्याच्या ताईला विचारा. ताई त्याच्याच दुकानात हीट प्रेस, म्हणजे कापडावर चित्र उमटवणारं गरम यंत्र, सांभाळायची आणि म्हणायची, "तुझ्याकडे कोणी कागदाच्या पिशवीत पाणी मागितलं तरी तू म्हणशील, थोडं गळेल, पण देतो."

या खेपेला त्याला भीड पडली ती इस्पितळाच्या लाँड्रीतल्या दहा जणांची. तिथल्या मुख्य मावशी बत्तीस वर्षांनी निवृत्त होत होत्या. त्या दिवशी सगळ्यांनी छातीवर मावशींचा हसरा फोटो छापलेले पांढरे टी-शर्ट घालायचे असं ठरलं. मावशींचा धरून अकरा. मावशींचा हसरा फोटो शोधण्यातच मंडळींचे दोन आठवडे गेले होते.

आता गंमत अशी की छपाईवाल्याला याच मावशींचा जावई व्हायचं होतं. त्याचं आणि त्यांच्या मुलीचं कधीच ठरलं होतं. मावशींचं ठरत नव्हतं. पहिल्याच भेटीत या गृहस्थाने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. "मावशी, आमच्या छपाईचा रंग कधी जात नाही. कपडा फाटेल, पण रंग जाणार नाही." मावशींनी त्याच्या उजव्या बाहीवरच्या निळ्या डागाकडे पाहिलं आणि विचारलं, "हासुद्धा?"

"हा जाईल. शर्ट सुती आहे."

"मग धूत का नाही?" मावशी म्हणाल्या, आणि लग्नाच्या विषयावर नुसतं "बघू" म्हणून उठल्या. त्या "बघू"ला आता आठ महिने झाले होते.

धुण्याच्या बाबतीत मावशी भलत्याच कडक होत्या. दिवसभर जगाचं धुते, घरी फक्त घरच्यांचं, हा त्यांचा नियम. एकदा शेजारीण मशीन बिघडलं म्हणून उशीचा एक अभ्रा घेऊन आली, तर मावशींनी तिला चहा पाजला आणि अभ्रा तसाच परत दिला. हे मुलीनेच त्याला सांगितलं होतं. "आई रिटायर होईल त्याच दिवशी विचार," असंही तिने बजावलं होतं. "नंतर ती घरातली कपाटं काढायला घेईल, मग वर्षभर हाती लागायची नाही."

छपाईवाल्याने टी-शर्टसाठी निव्वळ पॉलिस्टर सुचवलं. लाँड्रीवाले म्हणाले, इथे वाफेत आम्ही आधीच शिजतोय, वर प्लास्टिक काय घालायचं, सुती दे. नाही म्हणवेना, म्हणून त्याने मधला मार्ग काढला, पॉलिस्टर आणि सूत मिसळलेलं कापड. ताईने कपाळाला हात लावला. त्यांची छपाईची शाई प्रेसखाली वाफ होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते आणि तिथेच घर करते. सुताच्या ती नुसती उंबऱ्यावर टेकते आणि पाणी लागलं की उठून चालू लागते.

प्रेसमधून फोटो निघाले ते मात्र असे झकास की ताईनेसुद्धा मान डोलावली. मग म्हणाली, "मावशी नवा कपडा धुतल्याशिवाय घालतात का?"

छपाईवाल्याला खरोखर भीती वाटली. पहिल्याच धुण्यात मावशींचं तोंड फिकं पडणार, आणि त्याबरोबर त्याचंही.

रात्रभर विचार करून त्याने तोडगा काढला. जाणारा रंग आपणच आधी घालवायचा. रविवारी बाथरूममध्ये बसून त्याने अकराही टी-शर्ट हाताने धुतले. पहिलं पाणी जांभळं आलं, दुसरं फिकं, तिसरं नितळ. टी-शर्टवरच्या मावशी जुन्या अल्बममधल्यासारख्या मऊ दिसू लागल्या. त्याने कडक इस्त्री केली, नव्या कुरकुरीत पिशव्यांत एकेक घातला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाला.

समारंभाच्या सकाळी शाई भरताना एक थेंब उडाला आणि नेमका उजव्या बाहीवर पडला. ताईने त्याच्या बाह्या दुमडून दिल्या. मावशींना विचारायचं वाक्य तो ऐन वेळी विसरेल म्हणून तिने ते चिठ्ठीवर लिहून त्याच्या शर्टाच्या खिशात घातलं होतं, तेही एकदा चाचपून पाहिलं.

तो आणि ताई पोचले तेव्हा लाँड्रीत अर्धा तास मशीनं बंद ठेवली होती. पिशव्या फुटल्या, वाहवा झाली. मावशींनी फोटोकडे पाहिलंच नाही. त्यांनी कापडाची कड दोन बोटांत चोळली, कॉलर नाकाशी नेली.

"हा धुतलेला आहे," त्या म्हणाल्या.

चोराच्या मनात चांदणं. "नाही, ते कापडच तसं..." तो सुरू झाला. समोर मुलगी उभी होती. त्याला स्वतःची लाज वाटली आणि खोटं अर्ध्यावरच राहिलं. "धुतलेत मावशी. अकराही. तीनदा."

"का?"

"रंग जाणार होता. तुमच्यासमोर जायला नको म्हणून."

"कपडा फाटेल पण रंग जाणार नाही, असं कोण म्हणालं होतं?"

"मीच. ते पॉलिस्टरपुरतं खरं आहे. यात पस्तीस टक्के सूत आहे."

"चाळीस," मावशी म्हणाल्या.

त्याने लेबल उलटून पाहिलं. चाळीसच होतं. लाँड्रीवाले तोंडं फिरवून हसू लागले.

"चौथ्यांदा का नाही धुतले?"

"तिसरं पाणी नितळ आलं."

"वाळवले कुठे?"

"सावलीत. उलटे करून."

मग मावशींनी प्रथमच फोटो पाहिला. "बरं झालं. सुरकुत्या गेल्या की बऱ्याच." आणि लगेच, "बाही खाली कर."

त्याने केली. डाग दिसला.

"सुती आहे?"

"हो."

"काढ. आणि हा माझा टी-शर्ट तू घाल. मी माझंच तोंड घालून कुठे मिरवू?"

चादरींच्या रॅकमागे जाऊन त्याने शर्ट बदलला. मावशींनी त्याचा शर्ट घडी करून आपल्या पिशवीत टाकला. "मशीनमध्ये टाका की, दहा मिनिटांचं काम," कोणीतरी म्हणालं.

"नको," मावशी म्हणाल्या. "हा मी घरी धुवेन."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. एकट्या छपाईवाल्याच्या डोक्यात उजेड पडला नाही. "तुम्हाला कशाला त्रास," तो म्हणू लागला, तेव्हा ताईने त्याला सणसणीत चिमटा काढला.

मग त्याला नियम आठवला, आणि पाठोपाठ चिठ्ठी. पण मावशींचा हात खिशात गेलाच होता. बत्तीस वर्षांत त्यांनी खिसे तपासल्याशिवाय कपडा पाण्यात घातला नव्हता. त्यांनी चिठ्ठी वाचली, नीट घडी घातली आणि पिशवीत न टाकता पर्समध्ये ठेवली.

"ही भिजायला नको," त्या म्हणाल्या.

परतताना छपाईवाला भर रस्त्याने सासूबाईंचं हसरं तोंड छातीवर घेऊन चालत होता. येणारे-जाणारे वळून बघत होते.

"आता तरी लोकांना नाही म्हणायला शिकशील का?" ताईने विचारलं.

"हो," तो म्हणाला.