लांब हाताची खूण

"चला की बाबा! मला खांद्यावर घेऊन टेकड्या चढायचात, आता एवढ्यात दमलात?" आजी पुढून ओरडली.

उलायुक तेरा वर्षांची मुलगी होती. पण तिला आजीच्या वारलेल्या वडिलांचं नाव ठेवलेलं, म्हणून आजी तिला बाबाच म्हणायची, तेही अहो-जाहो करून. एरवी उलायुक हसली असती.

सकाळी वादळात स्नो-स्कूटर बंद पडली. उलायुकचे वडील जोआनासी एकटेच शिकारीच्या खोपटातल्या रेडिओकडे चालत निघाले. काठी त्यांनी आजीसाठी मागे ठेवली. पाच तास झाले, तरी पत्ता नाही. वारा पडल्यावर या दोघी मागावर निघाल्या. सैल बर्फ उडून गेला होता. दाबलेली पावलं तेवढी उंचवट्यासारखी उरली होती.

टेकडीवर दगडांवर दगड रचून केलेली माणसाएवढी वाटेची खूण होती. एक हात आखूड, एक लांब; लांब हात दाखवतो ती सुरक्षित वाट. पावलं तिच्याभोवती फिरून लांब हाताच्या दिशेने खाली वळली होती.

आजीने दगड चाचपले. "ही कुणाची? माझ्या ओळखीची नाही."

"माझी," उलायुक कशीबशी म्हणाली. "उन्हाळ्यात शाळेसाठी रचली. 'आपला वारसा' म्हणून फोटो हवा होता. हात पाण्याकडे केला की छान दिसत होतं."

जोआनासी तेव्हा खाणीवर कामाला होते; ही खूण कुणाची, ते त्यांना माहीत नव्हतं. दगड उगाच कुणी रचत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. वादळात जमीन कुठे संपते ते दिसलं नसणार. खाली सामुद्रधुनीत प्रवाह असा, की भर थंडीतही बर्फ वीतभर जाड होत नाही.

उलायुक धावली. आजीने तिची टोपी मागून धरली.

"आधी हे पाडा."

"आजी, सोड! ते तिकडे…"

"गावातून माणसं शोधायला येतील. पावलं बुजतील, हा हात दिसत राहील. पाडा."

"खूण पाडायची नसते ना?"

"नसते. तुम्हीच मला शिकवलंत. पण ही खूण नाही, बाबा. नुसते दगड आहेत."

दगड गोठून एकमेकांना चिकटले होते. उलायुकने लाथा मारल्या, मग हातमोजे काढून नखं घातली. लांब दगड सुटला तेव्हा त्यावर तिचं रक्त होतं.

खाली आजी दर पावलाला काठी आपटत पुढे झाली. शेवटची दहा पावलं दोघी पोटावर सरपटल्या. जोआनासींची पावलं बर्फातल्या एका भोकाशी संपली. भोकावर नवा बर्फ धरला होता. आजीने काठीने तुकडा फोडला, बोटाशी लावून जाडी पाहिली.

"तीन तास तरी झाले," ती म्हणाली.

उलायुक तुकड्याकडे बघत राहिली. "म्हणजे दगड पाडत बसलो, त्यामुळे नाही."

"नाही," आजी म्हणाली. "त्यामुळे नाही."