सीपीयूचं झबलं

कॉम्प्युटर बंद पडला तो दुपारी पावणेतीनला. "गेला! पुन्हा गेला!" ही लेकीची किंकाळी मास्तरांनी स्वयंपाकघरात ऐकली आणि हातातली कपबशी ओट्यावर ठेवली नाही, टाकलीच म्हणा.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. चाळीस वर्षं दुकान चालवलं, बायको गेल्यावर लेकीकडे राहायला आले. येताना सोबत शिलाई मशीन आणि बायकोचा कुत्रा, बस्स. कुत्र्याचं नाव झिपऱ्या, आणि गडी नावाला पुरेपूर जागणारा. त्याचे पांढरे केस कुठे सापडायचे नाहीत ते विचारा! सोफ्यावर, चष्म्याच्या डबीत, एकदा तर मिठाच्या बरणीत. लेक घरी बसून डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं ऐकायची आणि पेशंटचे रिपोर्ट टाइप करायची. दोनदा कॉम्प्युटर बंद पडून रिपोर्ट उशिरा गेले होते. वरून तंबी आलेली: तिसऱ्यांदा झालं तर काम बंद.

"हे तुमच्या लाडक्याचे प्रताप!" लेक ओरडली. "गेल्या वेळी तो दुरुस्तीवाला काय म्हणाला? आत केस जातात, पंखा अडतो, मशीन तापतं. बाबा, मी खूप सोसलं. प्राणी सांभाळणाऱ्या त्या बाईंना फोन करते. पाच वाजता येऊन घेऊन जाऊ दे त्याला."

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही. दुरुस्तीवाला चारला येतोय. मी शेजारच्या ताईंच्या लॅपटॉपवर रिपोर्ट संपवून येते, तोवर कशाला हात लावू नका."

दार धाडकन आपटलं. झिपऱ्या टेबलाखालून बाहेर आला आणि मास्तरांच्या पायावर हनुवटी टेकून बसला. त्याला बिचाऱ्याला काय कळणार! मास्तर वाकले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि उठता उठता आधारासाठी सीपीयूवर हात टेकला. चटकन मागे घेतला.

कापड इस्त्रीखालून काढल्यासारखं तापलं होतं.

आता हे कापड कुठलं, ते सांगायला हवं. पंधरा दिवसांपूर्वी लेक केसांवरून कुरकुरत होती, तेव्हा मास्तरांनी टेप घेतली, सीपीयूची मापं काढली आणि गडद निळ्या फ्लॅनेलचं कव्हर शिवलं. झबलंच जणू, इतकं बेतशीर. वायरींसाठी मागची बाजू उघडी, पुढे बटणाला नीट काज. लेक खूश झाली होती. पण एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. सीपीयूच्या पुढच्या तोंडाला बारीक जाळी होती, आणि केस तिथूनच घुसणार, एवढं मास्तरांना पक्कं कळलं होतं. म्हणून त्यांनी त्या जागी आतून दुहेरी अस्तर लावलं होतं. केस काय, धूळसुद्धा जाणार नाही! गेला आठवडाभर पंखा गुरगुरत होता, तर मास्तरांना वाटे, केस अजून कुठून तरी जाताहेत. वारासुद्धा त्याच जाळीतून आत जातो, हे चाळीस वर्षं कापड ओळखणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

आता आलं. आणि पाठोपाठ लेकीचा इशाराही आठवला.

मागच्या महिन्यात दूध गॅसवर ठेवून मास्तरांचा डोळा लागला होता. पडदा पेटला. तेव्हा लेक रडत म्हणाली होती, "बाबा, अजून एक असला घोळ झाला तर मी दादाला फोन करीन. तुम्ही त्याच्याकडेच राहा, मला झेपत नाही." दादाकडे म्हणजे हॉलमधला सोफा, दिवसभर बंद दारं, आणि शिलाई मशीनला जागा नाही.

खरं सांगितलं तर आपण जाणार. गप्प बसलं तर झिपऱ्या जाणार. मास्तर खुर्चीत बसले, उठले, परत बसले. चारला दहा कमी असताना त्यांनी झबलं काढलं, घडी घातली आणि आपल्या गादीखाली सारलं.

दुरुस्तीवाला आला, पाठोपाठ लेकही आली. त्याने स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं. मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभे.

"ताई, कुत्र्याचे केस अगदी थोडे आहेत," तो म्हणाला. "पण हे बघा." त्याने चिमट्याने पंख्यातून निळ्या लोकरीसारखा बोळाच ओढून काढला. "यावर कापड घातलं होतं का काही?"

"कव्हर होतं. बाबा, कुठेय हो?"

"धुवायला टाकलंय," मास्तर म्हणाले.

"पण मागून उघडं होतं ते," लेक दुरुस्तीवाल्याला म्हणाली. "माझे बाबा टेलर मास्तर आहेत. शिवण्यात त्यांच्या हातून चूक व्हायची नाही. त्याने काही झालं नसेल. थोडे असले तरी केसांनीच झालंय."

मास्तरांना वाटलं, यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुरुस्तीवाला पंखा पुसून, मशीन सुरू करून गेला. पाचला फोन वाजला: बाई खाली गाडी घेऊन आल्या होत्या. लेकीने खुंटीवरचा पट्टा काढला. पट्टा दिसताच झिपऱ्या वेड्यासारखा उड्या मारू लागला. त्याला वाटलं, फिरायला चाललोय. लेकीने मान दुसरीकडे वळवली. तिचे डोळे भरले होते, पण हात थांबले नव्हते.

"थांब," मास्तर म्हणाले.

ते आत गेले, गादी उचलली आणि झबलं घेऊन आले. ते उलटं करून त्यांनी दुहेरी अस्तर दाखवलं. "हे मी लावलं. वारा मीच अडवला. त्याचा काही दोष नाही. कर तुझ्या दादाला फोन."

लेकीने अस्तरावरून बोट फिरवलं. निळा भुगा बोटाला लागला.

"मग काढून लपवलंत का?"

"भीती वाटली."

"कोणाची?"

झिपऱ्या अजून उड्या मारत होता. खाली गाडीचा हॉर्न वाजला. मास्तरांनी तिच्या हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं. लहानपणी हीच पोर कापडाच्या तुकड्यांत झोपायची, मशीनच्या पायाशी.

"तुझी, बाळा."

लेक खिडकीशी गेली, खाली बाईंना हातानेच 'जा' अशी खूण केली आणि पाठमोरी तिथेच उभी राहिली. मग वळून, दादाला फोन न लावता, तिने पट्टा मास्तरांपुढे धरला, तेव्हा तो घ्यायला हात पुढे करतानाही मास्तरांनी आधी तिच्या चेहऱ्याकडे भीतभीतच पाहून घेतलं. आणि ते तिनेही पाहिलं.