पाठमोरी खुर्ची

पंजाबराव खोलीच्या दारात खाकरले आणि मग स्वतःवरच चिडले. खाकरून सांगायचं कुणाला? समोर भिंतच उरली नव्हती. सून प्रणाली ओट्यापाशी गाऊनवर उभी, हातात लाटणं. तिनं घाईघाईनं ओढणी डोक्यावर घेतली, तिचं टोक गॅसवर जाता जाता राहिलं. पंजाबराव आल्या पावली परत फिरले.

अकोल्यातला हा फ्लॅट त्यांनीच घेतलेला, तेल्हाऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीवर. मुलानं, नितेशनं, तो यंदा नवा करायला काढला. फरशी बदलली, फॉल्स सीलिंग झालं, आणि स्वयंपाकघराची भिंत पाडून सगळा एकच हॉल केला. बघणारे वा वा करून गेले. पण सून वावरते तिथं सासऱ्यानं ठाण मांडून बसायचं नाही, हे पंजाबरावांच्या हाडीमाशी खिळलेलं. आधी भिंतीअलीकडे ते, पलीकडे ती, दोघंही मोकळी. आता भर उन्हाळ्यात ती डोकं झाकून घामाघूम, आणि हे महाशय खोलीत छताकडे बघत पडलेले. कोंडवाड्यातलं जनावर निदान हंबरतं तरी हो!

संध्याकाळी नितेश त्यांच्या पलंगावर येऊन टेकला.

"बाबा, दिवसभर आतच काहून बसून रायता? प्रणाली रडून राहिली. म्हंते, मामाजी माह्यावर रुसले."

"रुसलो नाई ना रे."

"मंग?"

काय सांगणार? सुनेकडे नजर जाते, लाज वाटते, असं म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या मनात भलतंच यायचं. उभ्या जन्मात कुणी बोट दाखवलं नव्हतं. आता या वयात ते वाक्य आपल्याच तोंडातून काढायचं?

"काई नाई. उद्यापासून बसतो भाईर."

दुसऱ्या दिवशी ते खरंच हॉलमध्ये आले. खुर्ची उचलून फिरवली आणि ओट्याकडे पाठ करून, नव्या रंगाच्या कोऱ्या भिंतीसमोर बसले.

"मामाजी, टीव्ही तर तुमच्या मांगं हाये," प्रणाली म्हणाली.

"आयकू येते न मले."

मागं ओढणी काढून ठेवल्याची सळसळ झाली. बऱ्याच वेळानं मागून तिच्या गुणगुणण्याचा आवाज आला. ती लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. पंजाबरावांना बरं वाटलं. मान अवघडून आली होती, पण त्यांनी ती वळवली नाही.